पाहिले ते आणि वाटले ते
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनात ‘मानसशास्त्रातील निरीक्षणपद्धती आणि प्राथमिक शिक्षक’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या संमेलनासाठी हा विषय माझ्याकडे सोपविण्यात आला, तेव्हा प्रथम मला थोडा संकोच वाटला. विषयाचे नाव ऐकताच प्रयोगशाळा, यंत्रे आणि जाडजूड ग्रंथ डोळ्यांसमोर येतात. आणि तालुक्याच्या टोकाला दोनशिक्षकी शाळा चालविणाऱ्या आपणांसारख्यांना या शास्त्राचा उपयोग काय, असा प्रश्न मनात उभा राहतो. परंतु विचार करता ध्यानात आले की, बालकांचे वर्तन रोज पाच-सहा तास, वर्षभर आणि अगदी जवळून पाहण्याची संधी प्राथमिक शिक्षकाइतकी क्वचितच कोणा संशोधकास लाभत असेल. संधी आपणांपाशी आहे. पद्धती मात्र शिकावी लागते. पद्धतीवाचून केलेले पाहणे हे पुष्कळदा आपल्याच मनातील समजुतीचे पुन्हा एकवार दर्शन घेणे असते. हे मी केवळ ग्रंथांच्या आधारे सांगत नाही. माझ्या हातून घडलेली एक चूक या विषयाच्या मुळाशी आहे; ती आरंभीच सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका लहान गावी चौथीच्या वर्गाला शिकवीत होतो. वर्गात शेवटच्या ओळीत एक मुलगी बसत असे. प्रश्न विचारला की ती उभी राही, माझ्याकडे पाही आणि गप्प राही. वार्षिक प्रगतिपत्रकात शेरा लिहिण्याची वेळ आली, तेव्हा मी एका सायंकाळी साऱ्या वर्गाचे शेरे लिहून काढले. तिच्या नावापुढे लिहिले : ‘बुद्धीने मंद. प्रश्नांची उत्तरे देत नाही.’ पाचवीची शाळा शेजारच्या गावी होती. जूनमध्ये ती मुलगी तेथे दाखल झाली नाही असे कळले, म्हणून मी तिच्या घरी गेलो. तिचे वडील हात जोडून म्हणाले, “गुरुजी, तुम्हीच लिहून दिलं न्हवं, पोरीला समजत न्हाई म्हणून? मग कशापायी वरीस घालवायचं तिचं?” मी पुष्कळ समजावून पाहिले. परंतु माझ्या बोलण्याहून माझ्या लेखणीवर त्यांचा विश्वास अधिक होता. ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही.

त्या शेऱ्यात दोन वाक्ये होती. ‘प्रश्नांची उत्तरे देत नाही’ हे मी पाहिलेले होते. ‘बुद्धीने मंद’ हे मला वाटलेले होते. पाहिलेले आणि वाटलेले यांच्यामध्ये जी रेघ असावयास हवी, ती मी ओढली नव्हती. मानसशास्त्रातील निरीक्षणपद्धती म्हणजे, थोडक्यात सांगावयाचे तर, ती रेघ ओढण्याची आणि ती पुसली जाऊ न देण्याची शिस्त होय.

माणसाच्या मनाविषयी ज्ञान मिळविण्याच्या मुख्य वाटा तीन : विचारणे, प्रयोग करणे आणि पाहणे. प्रौढ माणसाला विचारता येते. सहा वर्षांच्या बालकाला ‘तू असे का केलेस?’ असे विचारले, तर ते बहुधा आपल्याला आवडेल असे उत्तर देते किंवा रडू लागते. प्रयोगाची साधने सर्वत्र नसतात, आणि मुलांवर वाटेल तो प्रयोग करणे उचितही नाही. म्हणून बालमानसशास्त्राचा पुष्कळसा पाया पाहण्यावर उभारला गेला. चार्ल्स डार्विन यांनी 1839 साली जन्मलेल्या आपल्या ज्येष्ठ पुत्राच्या हालचाली वहीत टिपून ठेवल्या आणि त्यांवर आधारलेला निबंध 1877 मध्ये प्रसिद्ध केला. जीन पियाजे यांनी आपल्या तीन अपत्यांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून बालकाच्या बुद्धीच्या विकासाचे सिद्धान्त मांडले. अशा दैनंदिनींचे मोल मोठे आहे. परंतु पित्याचा डोळा हा पित्याचाच डोळा असतो आणि एका घरातील मुले म्हणजे जगातील सारी मुले नव्हेत. या उणिवांतूनच पुढे निरीक्षणाच्या अधिक काटेकोर पद्धती जन्मास आल्या.

त्यांतील पहिली म्हणजे सलग नोंदीची पद्धती. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या एका छोट्या गावी रॉजर बार्कर आणि हर्बर्ट राइट या मानसशास्त्रज्ञांनी 26 एप्रिल 1949 रोजी सात वर्षांच्या एका मुलाचा एक संपूर्ण दिवस टिपला. सकाळी तो जागा झाल्यापासून रात्री निजेपर्यंत आठ निरीक्षक आळीपाळीने त्याच्या सोबत राहिले आणि त्याने काय केले, कोणाशी काय बोलला, हे सारे लिहीत गेले. त्यात विशेष असे काही घडले नाही. शाळा, जेवण, खेळ, घर : इतकाच तो दिवस. तरी त्याचे पुस्तक 1951 मध्ये निघाले, ते चारशेहून अधिक पृष्ठांचे भरले. एका सामान्य मुलाच्या एका सामान्य दिवसात एवढे घडते. आणि आपण वर्षाअखेरीस त्याचे सारे वर्ष पाच शब्दांत आटोपतो!

अर्थात चाळीस मुलांच्या वर्गात अशी सलग नोंद करणे अशक्य आहे. त्यासाठी दुसरी, कालनमुन्याची पद्धती उपयोगी पडते. भाताची परीक्षा शितावरून करितात, परंतु शिते पातेल्यातील निरनिराळ्या जागांहून घ्यावी लागतात; तसेच हे आहे. मिल्ड्रेड पार्टेन यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या बालशाळेतील मुलांचा खेळ याच रीतीने पाहिला. त्यांचे संशोधन 1932 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक मुलाकडे दर वेळी एकच मिनिट पाहावयाचे, त्या मिनिटात ते काय करीत होते हे आधी ठरविलेल्या सहा वर्गांपैकी एकात नोंदवावयाचे, आणि पुढच्या मुलाकडे वळावयाचे. मूल कशातच रमलेले नाही. नुसते इतरांचा खेळ पाहत आहे. एकटे खेळत आहे. दुसऱ्याच्या शेजारी, परंतु आपलाच खेळ खेळत आहे. इतरांत मिसळून खेळत आहे. किंवा काम वाटून घेऊन एका हेतूने खेळत आहे : असे ते सहा वर्ग होते. मुले वयाने वाढतात तसा मिळून खेळण्याचा भाग वाढत जातो, असे या मिनिटामिनिटांच्या बेरजेतून दिसून आले. एकटे खेळणारे मोठे मूल मागासलेले असते असे मात्र यावरून म्हणता येत नाही, हेही पुढील संशोधकांनी दाखवून दिले.

या पद्धतीत आपल्यासाठी एक मोठा बोध आहे. वर्गात आपली नजर आपोआप जाते ती आवाजाकडे. जो मुलगा बाक वाजवितो, त्याच्याकडे आपण तासात वीस वेळा पाहतो आणि तो वीसही वेळा खोडकर दिसतो; कारण तो शांत बसलेला असतो तेव्हा आपण दुसरीकडे पाहत असतो. आणि जे मूल कधीच आवाज करीत नाही, त्याच्याकडे दिवसभरात एकदाही न पाहणे शक्य आहे. कोणाकडे केव्हा पाहावयाचे हे घड्याळाने ठरविले, म्हणजे गडबड करणाऱ्याला न्याय मिळतो आणि गप्प बसणाऱ्याला निदान दृष्टी तरी मिळते.

तिसरा प्रकार नियंत्रित निरीक्षणाचा. मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे 1960 नंतरच्या दशकात एक वर्षाच्या बालकांसाठी असा एक छोटा प्रसंग योजला. अनोळखी खोली, खेळणी, एक अपरिचित स्त्री. आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. सारा प्रसंग सुमारे वीस मिनिटांचा. बालक किती रडते याकडेच कोणाचेही लक्ष गेले असते. परंतु आई परत आल्यावर ते काय करते, याला एन्सवर्थ यांनी अधिक महत्त्व दिले. काही बालके आईला बिलगून शांत होत आणि पुन्हा खेळू लागत. काही तोंड फिरवीत. काही बिलगूनही शांत होत नसत. आई-बालक संबंधांविषयीचे पुष्कळसे पुढील ज्ञान या काही क्षणांच्या निरीक्षणातून वाढले. कोणता क्षण पाहावा हे जाणणे हीदेखील निरीक्षकाची विद्याच आहे.

याच्या उलट, प्रसंग न योजता मूल जेथे असेल तेथे जाऊन पाहणे हे नैसर्गिक निरीक्षण होय. याचे उदाहरण आपल्याच भूमीत आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे आणि 1957 पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी बालकांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, एवढ्यावरून ‘यांना शिक्षणाची आवड नाही’ असा निर्णय देणे सोपे होते. त्यांनी मुले कोठे आहेत ते पाहिले. मुले पाड्यावर होती, तर शाळाच अंगणात गेली. मुले गुरांमागे होती, तर कुरणशाळा निघाली. जे प्रत्यक्ष दिसले त्यावर त्यांनी शाळेची रचना केली.

आता निरीक्षणातील सर्वांत अवघड भागाकडे, म्हणजे स्वतः निरीक्षकाकडे वळू. या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त गणितशिक्षक होते. त्यांनी हान्स नावाचा घोडा गणित शिकवून तयार केला होता. बेरीज विचारली की घोडा खुराने तितके ठोके देई. लोक थक्क होत. 1904 मध्ये तज्ज्ञांच्या समितीने तपासणी केली, तेव्हा कोणतीही लबाडी आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने बारकाईने पाहिले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर घोड्याचे उत्तर चुके. विचारणारा दृष्टीआड असेल, तरीही चुके. अखेर उलगडा झाला तो असा : योग्य संख्येपर्यंत ठोके पोचले की विचारणाऱ्याचे मस्तक नकळत किंचित हले आणि घोडा तेवढे पाहून थांबे. फुंग्स्ट यांनी हे 1907 मध्ये प्रसिद्ध केले. घोडा गणित करीत नव्हता. तो गुरुजींचा चेहरा वाचीत होता.

बंधुभगिनींनो, हे दृश्य आपल्या वर्गातही रोज घडते. ‘सात आठे किती?’ असे आपण विचारतो. मूल म्हणते, ‘चोपन्न’. आपली भुवई वर जाते. मूल लगेच म्हणते, ‘छप्पन्न’. आपण नोंद करितो : ‘पाढे येतात’. मुलाला पाढा आला की आपला चेहरा वाचता आला, हे त्या नोंदीवरून कळत नाही.

अपेक्षेचे बळ किती असते, याचा आणखी एक पुरावा रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांनी 1963 मध्ये पुढे आणला. विद्यार्थ्यांना उंदीर देऊन चक्रव्यूहातून वाट काढावयास शिकविण्याचे काम दिले. काहींना सांगितले, ‘हे हुशार जातीचे आहेत’. काहींना सांगितले, ‘हे मंद जातीचे’. वस्तुतः उंदीर एकसारखेच होते. तरी ज्यांना हुशार म्हटले, ते अधिक चांगले शिकल्याचे आढळले. उंदरांच्या बाबतीत असे घडू शकते, तर आपला शब्द कळणाऱ्या बालकांच्या बाबतीत आपण किती जपावयास हवे!

आता माझ्या कथेचा उरलेला भाग सांगतो. ती मुलगी शाळेतून गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी एका ज्येष्ठ सहशिक्षकांना माझ्या वर्गात बसण्याची विनंती केली. त्यांनी कागदावर वर्गाचा नकाशा काढला. मी ज्या मुलाला प्रश्न विचारीन त्याच्या जागी ते एक खूण करीत आणि उत्तरासाठी मी किती थांबतो ते घड्याळावर पाहत. तास संपल्यावर त्यांनी काही न बोलता कागद माझ्यापुढे ठेवला. पुढच्या दोन ओळींवर खुणांची दाटी होती. मागच्या ओळीवर अवघ्या तीन खुणा. आणि त्या तिन्ही वेळी मूल उभे राहून तोंड उघडते न उघडते तोच मी ‘बस’ म्हणून पुढच्या मुलाकडे वळलो होतो. हे मला तोंडी कोणी सांगितले असते, तर मी मानले नसते. कागद मात्र नाकारता येईना. गतवर्षीची ती मुलगी ‘उत्तर देत नाही’ असे मी लिहिले होते. तिला उत्तर देण्याइतका अवकाश मी कधी दिला होता का, याची नोंद मात्र कोणीच केली नव्हती.

पुढे वाचनात आले की, मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गातील संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांवरून हीच गोष्ट मोजली होती आणि 1970 नंतरच्या दशकात ती प्रसिद्धही केली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीने एक सेकंदाच्या आसपासच थांबत. ज्यांना शिक्षक हुशार मानीत त्यांना अधिक वेळ मिळे, ज्यांना मंद मानीत त्यांना कमी. शिक्षकांना तीन सेकंद किंवा अधिक थांबावयास शिकविले, तेव्हा उत्तरे लांब होऊ लागली, गप्प राहणाऱ्यांची संख्या घटली आणि ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती अशी मुलेही बोलू लागली. तीन सेकंदांना काही खर्च येत नाही. माझ्या त्या विद्यार्थिनीला ते मिळाले नाहीत.

आता व्यवहाराकडे येतो. आपल्या राज्यात 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती आली, तेव्हा आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत पहिले नाव ‘दैनंदिन निरीक्षण’ हे होते. वर्णनात्मक नोंदींचे रकाने आपल्या परिचयाचे झाले. परंतु त्या रकान्यांत ‘वर्गात लक्ष देतो’, ‘सुधारणा आवश्यक’ अशी ठरावीक वाक्ये एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत जातात, हेही आपणांस ठाऊक आहे. कामाचा भार मोठा आहे, हे मी नाकारीत नाही. म्हणून सर्वांसाठी नव्हे, तर ज्या मुलाविषयी मनात शंका किंवा चिंता आहे त्याच्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात, असे सुचवितो.

एक : काय पाहावयाचे ते आधी शब्दांत निश्चित करावे. ‘चंचलपणा’ दिसत नाही. ‘जागा सोडून उठणे’ दिसते. जे दिसते व मोजता येते, तेच टिपावे.

दोन : नोंदीत विशेषणे टाळून क्रियापदे वापरावीत. ‘आज त्याने रागाने मुद्दाम त्रास दिला’ ही नोंद नव्हे, निकाल आहे. ‘सकाळी 11.20, गणिताचा तास. शेजाऱ्याने वही ओढली. याने ती परत ओढली, शेजाऱ्यास ढकलले व मान खाली घालून बसला. पुढील दहा मिनिटांत एकही उदाहरण लिहिले नाही’ ही नोंद होय. पहिल्या नोंदीवरून शिक्षा सुचते. दुसरीवरून विचारपूस सुचते.

तीन : वेळ आणि प्रसंग अवश्य लिहावा. एकच मूल सकाळी एक आणि मधल्या सुट्टीपूर्वी भुकेल्या पोटी दुसरेच असू शकते. नोंद तत्काळ किंवा त्याच दिवशी करावी. आठवण ही रात्रीतून आपल्या मताप्रमाणे वळण घेते.

चार : ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याबरोबर, ज्याच्याविषयी तक्रार नाही अशा एका मुलाचेही त्याच मोजमापाने निरीक्षण करावे. ‘चंचल’ मुलगा दहा मिनिटांत चार वेळा उठला आणि ‘शांत’ मुलगा तीन वेळा, असे आढळले, तर दोष कोणाच्या अंगी आहे याचा पुनर्विचार करावा लागेल.

पाच : शक्य तेथे दोघांनी स्वतंत्रपणे नोंद करून मग ताडून पाहावी. दोघांचे जुळले म्हणजे नोंद खरीच, असेही नव्हे. काही जुळणी केवळ योगायोगाने होते. ती वजा करून जुळणीचे प्रमाण काढण्याची रीत जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये दिली. आपण त्या गणितात न शिरलो तरी चालेल; परंतु दोघांच्या नोंदी जेथे जुळत नाहीत, तेथे दोष मुलात नसून आपल्या व्याख्येत असण्याचा संभव आहे, एवढे ध्यानी ठेवावे.

सहा : निरीक्षण ही पाळत नव्हे. आपल्याकडे कोणी पाहत आहे हे कळताच माणसाचे वागणे बदलते, हे तपासणीच्या दिवशी आपण स्वतःच अनुभवितो! म्हणून मुलांना सवय होईपर्यंत आरंभीच्या नोंदींवर फार भिस्त ठेवू नये. आणि मुलाविषयी टिपलेले चार लोकांत वाचून दाखवू नये. ती त्या मुलाची ठेव आहे.

निरीक्षणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. काय घडले हे निरीक्षण सांगते. का घडले हे ते एकटे सांगू शकत नाही. दोन गोष्टी एकापाठोपाठ दिसल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. मूल फळ्याकडे पाहत नाही, हे आपण पाहू शकतो. त्याचे कारण दृष्टीत आहे, घरात आहे, धड्यात आहे की आपल्यात आहे, हे शोधण्यास पालकांशी बोलावे लागते, प्रसंगी वैद्यांकडे पाठवावे लागते, कधी आपलीच रीत बदलून पाहावी लागते. निरीक्षण शोधाची दिशा दाखविते. निर्णय देण्याची घाई करू नये, हेच त्याचे सांगणे आहे.

अखेर एक विनंती. आपल्या वर्गातील ज्या मुलाविषयी आपले मत पुरते ठरून गेले आहे, असे एकच मूल निवडावे. आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटे त्याच्याकडे पाहावे. वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ ओढावी. डाव्या बाजूस पाहिले ते लिहावे आणि उजव्या बाजूस वाटले ते. आठवड्याअखेर उजव्या बाजूवर हात ठेवून केवळ डावी बाजू वाचावी आणि मगच शेरा लिहावा. ती पाने, मुलांची नावे वगळून, पुढील शिक्षण परिषदेस आणली तर आपण त्यांवर मिळून चर्चा करू.

माझ्या त्या विद्यार्थिनीच्या प्रगतिपत्रकावरील शेरा आता मला खोडता येत नाही. तशा शेऱ्यांसाठी लेखणी उचलण्यापूर्वी आपण सारे क्षणभर थांबलो, तर माझे येथे येणे सार्थकी लागेल.